मनोरुग्णालयांतील निर्बंध
मनोरुग्णाला बांधून ठेवणे, एकांत खोलीत कोंडणे, सक्तीने मुंडण करणे वा गणवेश चढवणे इ. उपाय. अनेक रुग्णांना त्यांत उपचारापेक्षा शिक्षा व अपमान जाणवतो. एरवाडी (तमिळनाडू) येथील ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत २८ मनोरुग्ण दगावले. त्यांतील अनेकजण साखळदंडांनी जखडलेले होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने साखळदंड व एकांतकोंडी यांवर बंदी घातली. मुंडण व गणवेश यांची सक्तीही वर्ज्य केली. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसल्यासच मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने रुग्णाला बांधता येते. त्याची नोंद ठेवून नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांत कळवावे लागते. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.