वही ते संगणक : हेतूचा हिशेब

दानाचे द्रव्य ज्या हेतूने अर्पण झाले, त्याच हेतूसाठी वापरावे, हा जैन संघाचा दंडक फार जुना आहे. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया अशी स्वतंत्र खाती पेढ्यांच्या वह्यांत त्यासाठीच राखली गेली. मंदिरासाठी आलेला रुपया अन्यत्र वळू नये, म्हणून मुनीमजींची लेखणी जणू पहारा देत असे.

१९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण बंधनकारक ठरले. एका सार्वजनिक जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी व हिशेबाच्या तरतुदी उचलून धरल्या. मात्र मूळ हेतू साध्य होण्याजोगा असताना द्रव्य दुसरीकडे वळविणे, हे धर्मस्वातंत्र्यावरील अतिक्रमण मानले. हिशेब द्यावा लागेल, पण दात्याचा हेतू अबाधित राहील, असा या निर्णयाचा आशय होता.

पुढे वहीची जागा संगणकाने घेतली आणि व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजे एम.आय.एस., रूढ झाली. वही खर्च सांगते. ही प्रणाली त्या खर्चातून झालेले कार्य सांगते. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती पोहोचली, किती रुग्णांना औषध मिळाले, कोणते काम रखडले, हे विश्वस्तांना वर्ष संपण्यापूर्वीच दिसते. परंतु नोंदच चुकीची वा उशिराची असेल, तर संगणक तीच चूक सुबक छापून देतो.

साधन बदलले, दंडक तोच आहे. मुनीमजींची सचोटी यंत्राला देता येत नाही, ती माणसालाच जपावी लागते.