पुस्तकातलं वर्तुळ आणि आपल्या डोक्यातलं

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने एका माणसाचं शवविच्छेदन केलं. माणूस पोटातल्या गाठीने गेला होता. पण कवटी उघडल्यावर वेगळंच दिसलं. मेंदूला रक्त नेणारी उजवी कॅरोटिड धमनी आत दगडासारखी टणक होऊन जवळजवळ बुजली होती. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका यायला हवा होता. त्याला तो आलाच नव्हता. त्याच बाजूने मानेच्या मणक्यांतून वर जाणारी धमनी मात्र दुसऱ्या बाजूच्या धमनीच्या तिप्पट जाड झाली होती.

मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या धमन्या छोट्या जोडवाहिन्यांनी एकमेकींना मिळतात आणि एक कडं तयार होतं. विलिसने एका कॅरोटिडमध्ये शाईचं पाणी सोडलं, ते दुसऱ्या बाजूला पोहोचलं. १६६४ साली त्याचं मेंदूवरचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं काढण्यात ख्रिस्तोफर रेन होता, तोच पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा. हे कडं विलिसच्या आधीही काहींनी पाहिलं होतं, पण ते कशासाठी आहे हे त्याने नीट सांगितलं, म्हणून नाव त्याचं लागलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक सर्व्हर पडला तर दुसरा तयार ठेवतो. विलिसचं वर्तुळ म्हणजे शरीराने केलेली तशीच सोय. गोम एवढीच, की ही सोय सगळ्यांना सारखी मिळालेली नसते. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे वेगळे आहेत, पण कित्येक अभ्यासांत पुस्तकातल्यासारखं पूर्ण वर्तुळ निम्म्याहून कमी लोकांत सापडलं. कुणाची जोडवाहिनी दोऱ्यासारखी बारीक असते, कुणाची नसतेच.

लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने १८०५ साली एका रुग्णाची कॅरोटिड बांधून बंद केली. तो रुग्ण वाचला नाही. १८०८ साली पुन्हा तीच शस्त्रक्रिया केली, तो रुग्ण पुढे १३ वर्षं जगला. कुणाचं वर्तुळ कसं आहे हे आधी बघायची सोयच तेव्हा नव्हती. ते कळायचं मेल्यावर.

१९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझने धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून एक्स-रे काढला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा दिसल्या. मग दुर्मीळ रचनांनाही महत्त्व आलं. गर्भात पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारी ट्रायजेमिनल धमनी असते, ती जन्माच्या खूप आधी नाहीशी होते. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत ती टिकून राहते. अशा माणसाच्या कॅरोटिडमधली गुठळी थेट मेंदूच्या मागच्या भागात जाऊ शकते, आणि डॉक्टर कारण भलतीकडेच शोधत बसतात.

त्याहून फसवी रचना फ्रान्सच्या जेरार पेर्शरॉनने १९७०च्या दशकात वर्णन केली. मेंदूच्या मधोमध दोन थॅलॅमस असतात. काहींमध्ये दोन्हींच्या आतल्या भागांना एकच धमनी रक्त पुरवते. ती बंद पडली, की हात-पाय लुळे न पडताही माणूस गाढ गुंगीत जाऊ शकतो. पहिला सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ दिसतो. पक्षाघाताच्या उपचारात तर मिनिटं मोजली जातात.

न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. डॉक्टरही ते शिकले. आज कॅरोटिड कायमची बंद करायची वेळ आली, तर आधी तिच्यात छोटा फुगा फुगवून ती थोडा वेळ बंद ठेवतात, रुग्णाला बोलायला, हात हलवायला सांगतात आणि वर्तुळ भार पेलतं का ते बघतात.

घरात कुणाच्या एमआर अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘व्हेरिअंट’ असा शब्द दिसला, तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा आजार नसतो. पण रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरला आवर्जून दाखवा. विलिसच्या त्या माणसाला आपल्या धमन्यांची रचना जिवंतपणी कधीच कळली नाही.