जुन्या मोटारींतील उत्सर्जन नियंत्रण उपकरणे काढणे

जुन्या मोटारींतील उत्सर्जन नियंत्रण उपकरणे काढणे म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारे प्रदूषक वायू कमी करण्यासाठी उत्पादकाने बसवलेले भाग वेगळे करणे, बंद पाडणे किंवा त्यांच्या जागी साधी नळी जोडणे होय. गाडीची ताकद वाढावी, इंधन वाचावे किंवा महागडा सुटा भाग घ्यावा लागू नये, या अपेक्षेने असा बदल केला जातो.

उपकरणे व त्यांचे कार्य

क्रँककेसमधील वायू एका झडपेद्वारे पुन्हा इंजिनात नेले जातात. कोळशाच्या डब्यात टाकीतील पेट्रोलची वाफ शोषली जाते. निष्कासित वायूचा काही भाग सिलिंडरमध्ये परत सोडल्याने ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अर्थात उत्प्रेरक परिवर्तक हा सायलेन्सरच्या आधी बसवलेला असतो. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंमुळे कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले हायड्रोकार्बन यांचे कमी घातक वायूंत रूपांतर होते.

भारतातील पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७५ च्या सुमारास उत्प्रेरक परिवर्तक रूढ झाला. भारतात पेट्रोल वाहनांसाठी उत्सर्जनाचे निकष १९९१ मध्ये आले. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. शिशामुळे परिवर्तक निकामी होत असल्याने त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. २००० मध्ये ते देशभर लागू झाले. त्यामुळे मुंबईच्या कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींच्या बहुतेक जुन्या नमुन्यांत परिवर्तक मुळातच नव्हता. हा प्रश्न प्रामुख्याने १९९५ नंतरच्या, आता जुन्या झालेल्या मोटारींचा आहे.

परिणाम

चोंदलेला परिवर्तक वायूंना अडथळा करतो, त्यामुळे तो काढल्यावर गाडी हलकी धावते. मात्र परिवर्तक सुस्थितीत असेल तर मिळणारा लाभ अल्प असतो. अनेकदा बिघाडाचे मूळ कार्ब्युरेटरच्या चुकीच्या जुळणीत किंवा ठिणगी चुकण्यात असते. न जळालेले इंधन परिवर्तकात पोहोचून तो अतितप्त होतो व वितळतो. मूळ दोष दुरुस्त न करता परिवर्तक काढल्यास दोष तसाच राहतो आणि विषारी वायू थेट हवेत जातात. कोळशाचा डबा काढल्यास पेट्रोलची वाफ मोकळी सुटते. नागपूरच्या तीव्र उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. हवाप्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन कलम १९०(२) अन्वये दंडनीय आहे. पीयूसी चाचणीत निष्क्रिय गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल मोटारींना ३ टक्के, तर भारत स्टेज-२ व ३ मोटारींना ०.५ टक्के आहे. परिवर्तक काढलेल्या मोटारीला दुसरी मर्यादा पाळणे अवघड जाते. या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले, तरी सर्व उपकरणे शाबूत आहेत असे सिद्ध होत नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हीए' अक्षरांसह विंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा वाहनांचा दैनंदिन वा व्यावसायिक वापर करता येत नाही.

नागपूरच्या संदर्भात

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) नागपूर येथे १९५८ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली; १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. हवाप्रदूषण हा तिच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या शहरांचा समावेश आहे, त्यांत नागपूरही आहे.