यंत्रांचा अंत्यविधि

तांब्यापितळेचें भांडें फुटलें तरी त्याचें मोल संपत नसे. तें मोडीच्या भावानें तांबटाकडे जाई आणि नव्या रूपानें पुन्हा कोणाच्या तरी घरांत येई. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत जीं विजेचीं यंत्रें घरोघर शिरलीं, त्यांची गोष्ट निराळी. संगणकांत सोनें, तांबें, शिसें आणि प्लॅस्टिक हीं एकमेकांत गुंतलेलीं असतात. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या कांचेंत शिसें असतें. जुन्या शीतकपाटांतील वायु मोकळा सुटला म्हणजे ओझोनच्या थरास घातक ठरतो. अशा वस्तूचा शेवट कोणीं करावा व त्याचा खर्च कोणीं सोसावा? पूर्वीं हा भार बहुधा नगरपालिकांवर पडे. नफा कारखानदाराचा आणि राख करदात्याच्या पदरांत, असा तो व्यवहार होता.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे थॉमस लिंडक्विस्ट यांनीं १९९० सालीं आपल्या सरकारला दिलेल्या अहवालांत निराळें तत्त्व मांडलें. वस्तु विकली म्हणजे उत्पादक मोकळा होत नाहीं. तिच्या अखेरीपर्यंत ती जबाबदारी त्याचीच. यांत शिक्षेचा हेतु नव्हता. मोडण्याचा खर्च ज्याच्या माथीं पडेल, तो मोडावयास सोपी वस्तु घडवील, हें त्यांतील मर्म होतें.

स्वित्झर्लंडमध्यें कंपन्यांनीं कायद्याची वाट पाहिली नाहीं. शीतकपाटांसाठीं १९९० मध्यें सेन्स ही संस्था निघाली; संगणक व कचेरींतील यंत्रांसाठीं स्विको या संघटनेनें १९९४ मध्यें व्यवस्था उभारली. ग्राहक नवें यंत्र घेतांनाच किंमतीबरोबर अल्पसें शुल्क देतो आणि जुनें यंत्र पुढें दुकानांत विनामूल्य ठेवून जातो. सरकारचा हुकूम निघाला तो १९९८ मध्यें.

जपाननें त्याच वर्षीं कायदा केला. तो १ एप्रिल २००१ पासून अमलांत आला. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाईयंत्र व वातानुकूलन यंत्र हीं चार यंत्रें दुकानदारानें परत घ्यावीं आणि कंपनीनें त्यांतील द्रव्यें पुन्हा उपयोगांत आणावीं, असा दंडक झाला. मात्सुशिता कंपनीनें ह्योगो प्रांतांत त्यासाठीं कारखाना काढला. तेथें जुनीं यंत्रें उकलतांना येणाऱ्या अडचणी आराखडे करणारांस कळविल्या जाऊं लागल्या. लिंडक्विस्टांचें तत्त्व तें हेंच. परंतु शुल्क ठेवलें तें टाकतेवेळीं. शीतकपाटास आरंभीं ४६०० येन पडत. निरुपयोगी वस्तूसाठीं खिशांतून पैसा काढणें जिवावर येऊन कांहीं लोक तीं यंत्रें आडबाजूस चोरून टाकूं लागले. तेव्हां घरगुती संगणकांच्या बाबतींत ऑक्टोबर २००३ पासून हें शुल्क खरेदीच्या किंमतींतच घेण्यांत आलें. तोच पैसा आधीं घेतला तर माणूस प्रामाणिक राहतो आणि मागून मागितला तर पळवाट शोधतो, हा या दोन देशांच्या इतिहासाचा धडा आहे.

भारतांत हें तत्त्व २०११ च्या नियमांनीं आलें. ते १ मे २०१२ पासून लागू झाले. किती कचरा परत घ्यावयाचा याचीं उद्दिष्टें २०१६ च्या नियमांनीं ठरविलीं. २०२२ च्या नियमांप्रमाणें, १ एप्रिल २०२३ पासून, कंपन्या नोंदणी झालेल्या कारखान्यांकडून प्रमाणपत्रें घेऊन आपलें उद्दिष्ट पुरें करतात. परंतु येथील गृहस्थ जुनें यंत्र टाकीत नाहीं, तो तें विकतो. मोडीची जुनी संवय त्याच्या हाडींमासीं खिळली आहे. भंगारवाला दारीं येऊन रोख पैसे देतो, मग कंपनीच्या केंद्रापर्यंत ओझें वाहून कोण नेणार? पुढें तें यंत्र ज्या अंधाऱ्या खोलींत पोंचतें, तेथें उघड्या हातांनीं तारा जाळून तांबें व आम्लांत बुडवून सोनें काढलें जातें. त्या विषारी धुराची किंमत कोणत्याही हिशेबवहींत चढत नाहीं.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ मध्यें जगांत ६ कोटी २० लाख टन असा कचरा झाला; त्यांपैकीं रीतसर गोळा होऊन पुनरुपयोगास गेल्याची नोंद अवघ्या २२.३ टक्क्यांची आहे. प्रमाणपत्र कचेरींत पोंचलें म्हणजे यंत्र कारखान्यांत पोंचलें असें होत नाहीं. भंगार गोळा करणारा तो निष्णात हात ज्या दिवशीं या व्यवस्थेच्या आंत घेतला जाईल आणि त्याला धुराऐवजीं मजुरी मिळेल, त्या दिवशींच येथील यंत्रांचा अंत्यविधि यथासांग होऊं लागेल.