माहीम तालुक्यातील ढोल्या

आजचा पालघर तालुका ज्या काळी माहीम तालुका म्हणून ओळखला जात असे, त्या काळी सरकारी दप्तराने येथील वृक्षांकडे महसुलाच्या दृष्टीने अत्यंत बारकाईने पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या अमलात ताडी काढावयाच्या झाडांवर कर बसला, त्याच वर्षीच्या वनकायद्याने सागाची राने राखीव करण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु ज्या जीर्ण खोडात ना रस उरला ना इमारती लाकूड, त्याच्या पोटात केवढी वस्ती नांदते, याची विचारपूस करण्याचे कोणाही कारकुनास प्रयोजन नव्हते.

तांबट आणि सुतार स्वतःच्या चोचीने बीळ कोरतात, आणि त्यांनी सोडलेल्या बिळांत, किंवा लाकूड कुजून पडलेल्या ढोल्यांत, साळुंकी, दयाळ, पोपट व पिंगळा यांचे संसार उभे राहतात. शेंडा गळून नुसता बुंधा उरलेल्या ताडाच्या ढोलीतून डोकावणारी पोपटाची लाल चोच ज्याने पाहिली असेल, त्याला त्या ताडास मृत म्हणवणार नाही.

चिमणीचा आश्रय मात्र माणसाच्या घराशी अधिक जडलेला. कौलांखालचे वासे, भिंत आणि आढे यांमधली फट, पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरीमागची जागा, हे सारे तिला न मागता मिळाले. आणि तिचे घरटे मोडू नये, हा दंडक कोणत्याही कायद्यावाचून घरोघर पाळला गेला. पुढे १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, बोईसरला औद्योगिक वसाहत वसली, कौलांच्या जागी सिमेंटचे सपाट छत आले. माणसाचा निवारा पक्का झाला, परंतु त्यात फट म्हणून उरली नाही.

जर्मनीतील बॅरन फॉन बेर्लेप्श यांनी सुतारपक्ष्याच्या ढोलीचे अंतरंग तपासून पक्ष्यांच्या घरट्यांसाठी तिच्याच घडणीच्या लाकडी पेट्या फार पूर्वी तयार करविल्या. आपल्याकडे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमणीच्या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधले, आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला.

पालघर-बोईसरच्या वसाहतींतून अशा पेट्यांची रांग उभी करावयाची, तर चिमणीच्या पेटीचे छिद्र सव्वा इंचाचे असावे, तोंड नैर्ऋत्येच्या पावसाकडे नसावे आणि तळाशी पाणी निथळण्यास भोके असावीत. परंतु पोपट व पिंगळा यांच्यासाठी मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते, की घरावर वा रस्त्यावर पडण्याचे भय नसेल तेथे वठलेला ताड उभाच राहू द्यावा. आणि तोडणे अटळच असेल, तर पिलांचा हंगाम, म्हणजे माघापासून ज्येष्ठापर्यंतचा काळ, टळू द्यावा.