वर्गातला दंगा गुन्हा कसा झाला

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाने १९१९ साली एक छोटासा कायदा केला. जिथे मुली किंवा स्त्रिया शिकतात अशा शाळा-कॉलेजांच्या कामात व्यत्यय आणणं, त्यांच्या आवारात रेंगाळणं किंवा तिथे उपद्रवी वागणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा होती १०० डॉलर दंड किंवा ३० दिवस कैद. रोख बाहेरच्या तरुणांवर होता. मुलींच्या कॉलेजाभोवती घोटाळणाऱ्या अशा तरुणांना आपल्याकडे रोडरोमिओ म्हणतात. शिकणाऱ्या मुलींना निर्धास्तपणे शिकता यावं, एवढाच त्या कायद्याचा हेतू.

त्यानंतर ९६ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१५ रोजी, याच राज्याची राजधानी असलेल्या कोलंबिया शहरातल्या स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये बीजगणिताचा तास चालू असताना पोलिसांनी दोघींना अटक केली. दोघीही त्याच वर्गातल्या विद्यार्थिनी होत्या आणि लावलेला कायदा हाच होता. मुलींच्या रक्षणासाठी जन्मलेल्या कायद्याने मुलींच्याच हातात बेड्या कशा घातल्या, हे समजायला त्याचं कूळ थोडं मागे जाऊन शोधावं लागतं.

या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडचा. तिथे १३६१ साली ‘जस्टिसेस ऑफ द पीस ॲक्ट’ झाला. राजाच्या राज्यात शांतता राखण्याचं काम गावोगावच्या मान्यवरांकडे आलं आणि ज्याच्याकडून उपद्रव होईल असं वाटे त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. इंग्रजांबरोबर हा विचार जगभर गेला. आपल्याकडे तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात येऊन बसला. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस ज्या ‘चॅप्टर केस’ करतात, त्या याच वंशातल्या. अमेरिकेत त्याच्या दोन फांद्या झाल्या. एक शांतताभंगाची, म्हणजे ‘ब्रीच ऑफ द पीस’ची आणि दुसरी बेशिस्त वर्तनाची, म्हणजे ‘डिसऑर्डर्ली कंडक्ट’ची. सोबत भटकेपणाविरुद्धचे कायदे होतेच. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराच्या अशा नियमात भटके, जुगारी, जादूगिरी करणारे, रात्री हिंडणारे, कामाधंद्याविना इकडून तिकडे फिरणारे अशी लांबलचक यादीच होती. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कोणतं कृत्य केलं म्हणजे गुन्हा झाला हे कायदा नेमकं सांगत नसे. ते ठरवायचं समोर उभ्या असलेल्या पोलिसाने.

शाळा या कुटुंबात आली ती चर्चच्या शेजारून. प्रार्थना चालू असताना गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करणारे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत होते. लोक कायदेशीर कामासाठी जमले असताना कुणी ते काम बिघडवू नये, हाच न्याय पुढे शाळेलाही लागला. मॅसॅच्युसेट्सने तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच शाळा आणि इतर सभा एकाच कलमात घातल्या होत्या. उपद्रव बाहेरून येतो आणि आतल्यांना जपायचं असतं, ही समजूत या कायद्यांच्या मुळाशी होती. स्वतः विद्यार्थीच उपद्रव ठरेल अशी कल्पना त्यात दिसत नाही. मुलाने वर्गात दंगा केला तर काय करायचं याची उत्तरं शाळेकडे पुष्कळ होती आणि त्यात न्यायालयाचं नाव नव्हतं.

विद्यार्थ्यांकडे पाहण्याची ही नजर बदलली ती वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीच्या काळात. २ मार्च १९६१ रोजी कोलंबियातल्याच झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये हायस्कूल आणि कॉलेजांतले कृष्णवर्णीय विद्यार्थी जमले आणि लहान लहान गटांनी विधिमंडळाच्या इमारतीकडे चालत गेले. हातात फलक होते. पोलिसांनी पांगायला सांगितलं तेव्हा त्यांनी देशभक्तीची आणि धार्मिक गाणी म्हटली, पाय आपटले, टाळ्या वाजवल्या. हिंसा झाली नव्हती. तरी १८७ जणांना शांतताभंगासाठी दोषी ठरवण्यात आलं. ‘एडवर्ड्स विरुद्ध साउथ कॅरोलायना’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ मध्ये न्यायालयाने या सगळ्या शिक्षा रद्द केल्या. बहुसंख्यांना एखादं मत रुचत नाही, एवढ्यावरून ते शांतपणे मांडणाऱ्याला राज्य गुन्हेगार ठरवू शकत नाही, असा निकाल न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिला.

पाच वर्षांनी त्याच राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावात याहून भयंकर घडलं. कृष्णवर्णीयांना आत न घेणाऱ्या एका बोलिंग केंद्राविरुद्ध साउथ कॅरोलायना स्टेट कॉलेजचे विद्यार्थी निदर्शनं करत होते. ८ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री महामार्ग पोलिसांनी कॉलेजच्या आवारात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. तिघे मेले. सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि डेलानो मिडलटन. यांतला मिडलटन अजून हायस्कूलमध्ये शिकत होता. जखमींची संख्या दोन डझनांहून जास्त होती. नऊ पोलिसांवर खटला चालला आणि नऊही निर्दोष सुटले. तुरुंगात गेला तो एकटा क्लीव्हलँड सेलर्स, चळवळीचा कार्यकर्ता, ज्याला त्या रात्री स्वतःलाच गोळी लागली होती. दंगलीच्या आरोपाखाली त्याने सात महिने काढले. राज्याने त्याला माफी दिली ती १९९३ मध्ये.

त्याच १९६८ साली विधिमंडळाने १९१९ चा जुना कायदा बाहेर काढला. मुलींच्या आणि स्त्रियांच्या शाळा हा उल्लेख गेला, राज्यातली प्रत्येक शाळा आणि कॉलेज त्यात आलं आणि शिक्षा कडक झाली. ‘कोणत्याही प्रकारे’, ‘कोणत्याही ठिकाणी’, ‘उपद्रवी रीतीने’ हे मोघम शब्द मात्र तसेच राहिले. मला या कुळकथेतला सगळ्यात दुःखद क्षण हाच वाटतो. हेतू बदलला, माणसं बदलली, आणि शब्द सैल होते म्हणून ते नव्या कामाला जसेच्या तसे चालले. कायदा नेमक्या शब्दांत लिहिलेला असता तर नव्या हेतूसाठी विधिमंडळाला नवा कायदा मांडावा लागला असता आणि हा हेतू सगळ्यांसमोर बोलून दाखवावा लागला असता.

सैल शब्दांचा धोका सर्वोच्च न्यायालयाला कळत नव्हता असं नाही. सिनसिनाटी शहरात तिघांनी किंवा जास्त जणांनी पदपथावर जमून येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास वाटेल असं वागणं गुन्हा होता. १९७१ मध्ये न्यायालयाने तो नियम मोडीत काढला, कारण एकाला ज्याचा त्रास होतो त्याचा दुसऱ्याला होत नाही. पुढच्याच वर्षी जॅक्सनव्हिलची ती भटक्या-जुगाऱ्यांची यादीही रद्द झाली. पण त्याच १९७२ मध्ये इलिनॉयमधलं ‘ग्रेनेड विरुद्ध रॉकफर्ड शहर’ हे प्रकरण आलं. शाळेलगत आवाज करून वर्ग बिघडवण्याविरुद्धचा तिथला नियम न्यायालयाने टिकवला. शाळेचं कामकाज हे मोजमाप समोर आहे, तेव्हा नियम पुरेसा स्पष्ट आहे, असं न्यायालयाने म्हटलं. रस्त्यावरच्या सैल कायद्यांवर असा घाव बसत असताना शाळेच्या नावाने लिहिलेल्या कायद्यांना आसरा मिळाला. माझ्या मते न्यायालयाने इथे अर्धाच विचार केला. शाळेबाहेरून येणाऱ्या गोंगाटाला वर्ग बिघडला की नाही हे माप लागू पडतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या वर्गातल्या वागण्याला ते लावलं, तर दिवसाकाठी दहा वेळा वर्ग बिघडतो. मुलांना शिकवलेल्या कुणालाही हे माहीत आहे.

तरीही हे कायदे बरीच वर्षं बहुतांशी कागदावर होते, कारण ते लावणारा पोलीस शाळेत नसे. त्याला फोन करून बोलवावं लागे आणि कुठल्याही मुख्याध्यापकाला ते कमीपणाचं वाटे. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९५० च्या दशकात शाळेत पोलीस नेमण्याचा प्रयोग झाला होता. मुलांशी ओळख वाढावी हा त्याचा उद्देश होता. मोठी भरती झाली ती १९९० च्या दशकात. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला आणि केंद्र सरकारने शाळांतल्या पोलिसांसाठी पैसा ओतला. आईबापांची भीती खरी होती, त्यांना दोष देता येणार नाही. पण बंदूकधारी माणूस एखाद्या शाळेत क्वचित येतो आणि पोलीस तिथे रोज असतो. रोज त्याच्यासमोर असतात ती उद्धट उत्तरं, मधल्या सुट्टीतली ढकलाढकली, न बंद होणारे मोबाइल. त्याच्या हातात दिलेलं हत्यार म्हणजे फौजदारी कायदा. मग तो तेच वापरतो.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरात २०११ मध्ये सातवीतल्या १३ वर्षांच्या मुलाने शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुद्दाम ढेकरा दिल्या, मुलं हसली, आणि शिक्षणात अडथळा आणल्याबद्दल त्याला बेड्या घालून बालसुधार केंद्रात नेलं. त्याच्या आईने दावा लावला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसाच्या बाजूने कौल दिला. तीन न्यायाधीशांपैकी एकाने विरोधी मत लिहिलं, ते नील गोरसच. पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता स्प्रिंग व्हॅलीच्या त्या वर्गाकडे येऊ. एका मुलीने मोबाइल काढल्यावरून शिक्षकांनी तिला बाहेर जायला सांगितलं, ती जागेवरून हलली नाही. शाळेचे अधिकारी आले, मग शाळेत नेमलेला पोलीस, म्हणजे शेरीफचा डेप्युटी आला. त्याने तिला बाकासकट उलटं पाडून जमिनीवरून ओढत नेलं. वर्गात निया केनी नावाची १८ वर्षांची मुलगी होती. ती उठून उभी राहिली, ओरडली, बाकीच्यांना मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. तिलाही अटक झाली आणि वय अठरा असल्यामुळे तिला मोठ्या माणसांच्या कोठडीत टाकलं. शाळेत व्यत्यय हा आरोप, शिक्षा १,००० डॉलर दंड किंवा ९० दिवस कैद. चित्रण देशभर पाहिलं गेलं आणि दोन दिवसांत डेप्युटीची नोकरी गेली. वर्षभराने सरकारी वकिलांनी दोन्ही मुलींवरचे आरोप मागे घेतले, डेप्युटीवरही फौजदारी कारवाई करायची नाही असं ठरवलं. निया त्या शाळेत परत गेली नाही. दोघीही मुली कृष्णवर्णीय होत्या, आणि हा योगायोग नाही. या राज्यात शाळेतल्या वर्तनावरून गुन्हा नोंदवला जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांच्या कित्येक पट होतं. पोलिसाच्या मनातली मोजपट्टी हाच कायदा असला की असंच होतं.

२०१६ मध्ये निया आणि इतर विद्यार्थ्यांनी राज्याच्या महाधिवक्त्यांविरुद्ध दावा लावला, ‘केनी विरुद्ध विल्सन’. खालच्या न्यायालयाने तो आधी फेटाळला. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. दोन महिन्यांत विधिमंडळाने स्वतःच कायदा दुरुस्त केला. शाळेत व्यत्यय आणण्याचा गुन्हा यापुढे त्या शाळेचा विद्यार्थी नसलेल्यालाच लागणार होता. म्हणजे ९९ वर्षांनी कायदा बाहेरच्या माणसांकडे परतला. पण त्याचा सख्खा भाऊ, बेशिस्त वर्तनाचा गुन्हा, शाळेत मोकळाच होता आणि त्याचेही शब्द तेवढेच सैल: दारूच्या नशेत असणं, किंवा बेशिस्त अथवा धांगडधिंग्याचं वागणं, किंवा शाळा वा चर्चमध्ये ऐकू जाईल अशा अंतरावर शिवीगाळ. दाव्यातली एक अल्पवयीन मुलगी याच कलमाखाली पकडली गेली होती. आपल्याला चिडवणाऱ्या विद्यार्थ्याला तिने शिवी दिली होती.

२०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की हे दोन्ही कायदे शाळकरी मुलांना लावताना घटनाबाह्य ठरतात, कारण कोणतं वागणं शाळेच्या शिस्तीचं आणि कोणतं फौजदारी, हे त्यातून मुलालाही कळत नाही आणि पोलिसालाही. न्यायाधीश टोबी हेटन्स यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: या शब्दांचा कोशातला अर्थ धरला, तर मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाजवळून जाणारा प्रत्येक माणूस एका मोठ्या गुन्ह्याचा साक्षीदार ठरेल. बेशिस्त वर्तनाचं कलम शाळकरी मुलांवर लावायला न्यायालयाने मनाई केली आणि जुन्या नोंदी ठेवू नयेत असा आदेश दिला. पुढे कॉलेजला किंवा नोकरीला अर्ज करताना नोंद आडवी येते, म्हणून हा आदेश मुलांच्या दृष्टीने मोठा होता.

इतर राज्यं न्यायालयाशिवायही शहाणी झाली. टेक्सासने २०१३ मध्ये वर्गातल्या गैरवर्तनासाठी मुलांना दंडाच्या पावत्या फाडणं थांबवलं. मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२० मध्ये विद्यार्थ्यांना अशा कलमांतून वगळलं. व्हर्जिनियात लिंचबर्गमधल्या स्वमग्न अकरा वर्षांच्या मुलावर कचऱ्याचा डबा लाथाडल्याबद्दल बेशिस्त वर्तनाचा गुन्हा लागला होता, त्यावरून तिथे खूप चर्चा झाली होती.

आपल्या कायद्यातही याची भावंडं आहेत, पण नेमका फरक तिथेच दिसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ११२ व्या कलमात शिवीगाळ किंवा अपमानास्पद वागणं गुन्हा ठरण्यासाठी शांतताभंग घडवण्याचा उद्देश किंवा तो घडण्याची शक्यता लागते. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलावरचा आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा किंवा प्रौढांसोबत मिळून केलेल्या गुन्ह्याचा नसेल, तर एफआयआर न नोंदवता पोलीस डायरीत टिपण घ्यायचं असतं. हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणं आपलंच काम. आणि अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी आईबापांची मुलं तिथल्या शाळेत जातात, त्यांना एकच सांगणं: शाळेत नेमलेल्या पोलिसाचे अधिकार काय आहेत, तो वर्गाच्या शिस्तीत हात घालू शकतो का, आणि राज्याच्या बेशिस्त वर्तनाच्या कलमातून विद्यार्थी वगळले आहेत का, हे शाळेला लेखी विचारा. वगळले नसतील तर ते वगळायला तुमच्या आमदाराला पत्र लिहा.