तळटीप : स्लॉट

१. स्लॉट : स्वारगेटच्या एसटी स्थानकासंदर्भात इथे गाडी फलाटाला लागण्याची ठरलेली वेळ अभिप्रेत आहे, वजनाच्या यंत्रात नाणे टाकायची फट नव्हे. जुगाराच्या यंत्राला मात्र हे नाव त्या फटीवरूनच मिळाले. गोव्याने १९९२मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे चालू दिली. महाराष्ट्राची तऱ्हा और! कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९७६मध्ये केला, अमलात कधी आणलाच नाही, आणि २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. म्हणून पुढच्या प्रकरणात नायक स्लॉटवर पैसे घालवतो, तेव्हा तो पणजीला पोचलेला आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. – संपादक